ब्रेकरचा ठोका आणि परातीतलं पाणी

आमच्या घरात माझ्याआधीच्या दोन पिढ्यांनी खडू सोडून दुसरं हत्यार हातात धरलं नव्हतं. आजोबा उमरीला शाळामास्तर, वडील नांदेडला मास्तर, थोरला भाऊ लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि दगड फोडायच्या मशिनी दुरुस्त करत हिंडायला लागलो. "दगड फोडायलासुद्धा शिकावं लागतं होय रे?" असं आई पहिले काही महिने रोज विचारायची आणि मी रोज चिडायचो. मी तसा लवकरच चिडतो, ते पुढे दिसेलच.

तर शिकावं लागतं. पोकलेनची बादली काढून तिथे जो ब्रेकर लावतात, त्याच्या पोटात एक पिस्टन असतो. तेलाच्या दाबाने तो वर जातो आणि खाली येऊन छन्नीच्या डोक्यावर आपटतो, मिनिटाला काहीशे वेळा. छन्नी म्हणजे मांडीएवढी जाड पोलादी पहार, चार माणसांना न उचलणारी. ती सरळ राहावी म्हणून तिच्याभोवती दोन बुश असतात, पोलादाच्या जाडजूड बांगड्याच म्हणा, एक वर आणि एक खाली. दगडाशी झुंजताना छन्नी आणि या बांगड्या झिजतात. झिजणं हेच त्यांचं काम, त्यामुळे आतला पिस्टन वाचतो. माझं निम्मं आयुष्य ही झीज बोटाने चाचपण्यात गेलं आणि त्याचा मला कधी कंटाळा आला नाही.

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. लातुरात जिकडे तिकडे मेडिकलची तयारी करणारी पोरं आणि त्यांच्यासाठी वसतिगृहं. ट्यूशनच्या भागात एका गल्लीत उदगीरकडचे एक व्यापारी नवं वसतिगृह बांधत होते. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणायचो. कपाळावर भस्म, बोलणं गोड आणि घाई कायमची. तळघर खणताना दहा फुटांवर काळा दगड लागला. भर वस्तीत सुरुंग लावता येत नाही, म्हणून ब्रेकर आणला. पंधरा दिवसांत छन्नी मोडली आणि मला नांदेडला फोन आला.

मोडलेली छन्नी खड्ड्याच्या काठावर पडली होती. टोकापासून हातभर अंतरावर निळसर झाक होती आणि नेमकी तिथेच ती काकडीसारखी मोडली होती. असा रंग आपोआप येत नाही.

"हिला भट्टीत कुणी घातलं?" मी विचारलं.

ऑपरेटर किनवटकडचा होता, शांत माणूस. तो म्हणाला, "टोक बोथट झालं होतं ना साहेब. अप्पा म्हणाले, लोहाराकडून पाजवून आण. दोनदा पाजवली. चांगलं काम करून राहिली होती की."

मी कपाळावर हात मारला. नांगराचा फाळ पाजवतात, कुऱ्हाड पाजवतात, तशी यांनी ब्रेकरची छन्नी लोहाराच्या भात्यात लाल करून, ठोकून, पाण्यात बुचकळून आणली होती! कारखान्यात तिला जो कडकपणा दिलेला असतो ती पुन्हा तापवली की तो गेलाच. मी अप्पांना हे तावातावाने सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या आज्यापासनं लोखंड असंच पाजवतेत, मिस्त्री. तुमचं लोखंडच लई नाजूक दिसतंय." मी नवी छन्नी घालायला घेतली.

दोन पिना ठोकून काढल्या, मोडकं खोड बाहेर ओढलं, नवी छन्नी साखळीने उचलून आत सरकवली, पिना पुन्हा बसवल्या. दुपारची नांदेडची बस मला गाठायची होती. निघणार एवढ्यात अप्पा म्हणाले, "जाता जाता त्या शेजारच्या म्हातारीला जरा समजावून सांगा. काम बंद पाडायचा अर्ज देते म्हणालीय. तुम्ही मास्तराच्या घरचे, तुमचं ऐकंल."

कंबरेइतक्या उंच भिंतीपलीकडे तिचं अंगण होतं. समोर स्लॅबचं बैठं घर, बाजूला पत्र्याचं शेड, मध्ये शेवग्याचं झाड. झाडाखाली सतरंज्या टाकून पाच मुली जाडजाड पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. ऊन सरकेल तशा त्याही सरकत होत्या. घराच्या पायरीशी एका चौरंगावर आजी बसली होती. तिच्यापुढे फरशीवर पितळेची मोठी परात, काठोकाठ पाण्याने भरलेली. मला वाटलं भाजी धुतेय.

"आजी, मशीन दिवसाच चालतं," मी नेहमीचं भाषण सुरू केलं. "सुरुंगापेक्षा हे बरं. घराला काही..."

"दगड फोडू नका म्हणून मी म्हणतच न्हाई," ती म्हणाली. "फोडा की. दगडाशी माझं जेवढं वैर हाय तेवढं तुझंबी नसंल. पर तुमच्या मशिनीनं माझं पाणी आंधळं करून टाकलं, त्येचं काय?"

मला काही कळलं नाही. मग तिने परातीकडे बोट दाखवून सांगितलं. आवाज न चढवता, मेथी निवडता निवडता.

ती किल्लारीकडच्या एका गावची. गणपती बुडवून गाव झोपलं होतं. तिची म्हैस व्यायला आली होती, म्हणून पहाटे ती एकटी बाहेर अंगणात होती. नवरा आणि दोन मुली आत, हात-हातभर रुंदीच्या दगडमातीच्या भिंतींमध्ये, वर मातीचं जड माळवद. म्हैस वाचली, ती वाचली. पुढे पत्र्याच्या शेडांत राहायला लागल्यावर गावात प्रत्येकाने काही ना काही राखण ठेवली होती. कुणी ताटलीत बाटली उलटी उभी करायचं, कुणी पेल्यावर पेला. हलून वाजलं की सगळे बाहेर पळायचे. हिने परातीत पाणी ठेवलं. इतरांनी वर्ष-दोन वर्षांत ते सोडून दिलं. हिने सोडलं नाही. भावाने लातुरात जागा घेऊन हे घर बांधून दिलं, शिकायला येणाऱ्या मुलींना ती खोल्या देऊ लागली, जेवू घालू लागली. पण घरावर स्लॅब टाकल्यापासून एकदाही ती त्या घराच्या उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. स्वयंपाक शेडमध्ये, झोपणं शेडमध्ये. मुली आत आणि ही बाहेर पाण्यापाशी.

"लोकाच्या लेकी हायत्या," ती म्हणाली. "कुणी किनवटची, कुणी देगलूरची. त्यांच्या आया निवांत झोपतेत, कारण हितं मी जागी हाय."

ब्रेकर चालू असला की पाणी सारखं थरथरायचं. त्या थरथरीत खरा धक्का आला तरी तिला कळला नसता. म्हणून मशीन चालू असेपर्यंत मुली बाहेर, असा तिचा कायदा होता. परीक्षा जवळ आलेली, उन्हात बसून अभ्यास होत नव्हता, आणि दोघींचे वडील त्यांना दुसरीकडे हलवतो म्हणून सांगून गेले होते. "त्या गेल्या तर मी कुणाची राखण करायची, सांग," असं तिने मला सरळ विचारलं.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढी मोठी दुर्घटना भोगलेल्या बाईला कुणी सांगितलं नाही का, की परातीने भूकंप कळत नसतो? मी तेच जरा सौम्य शब्दांत सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडे ऑपरेटरने नव्या छन्नीने काम सुरू केलं. धडधडधड. परातीतलं पाणी उठलं.

"बघ," आजी म्हणाली. "नवी छन्नी घालताना बघितलं मी. मग ठोका वाकडा का पडून राहिलाय?"

मी वाकून पाहिलं. पाण्यावर गोल वलयं उठायला हवी होती. ती उठत होती, पण प्रत्येक ठोक्याला पाणी एका बाजूला ढकललं जात होतं, रस्त्याकडच्या काठावर चढून परत येत होतं. छन्नी बदलायच्या गडबडीत, बस गाठायच्या नादात, मी खालचा बुश मोजलाच नव्हता. नवी छन्नी झिजक्या बुशात बसवली की ती कलते, पिस्टन तिच्या डोक्यावर तिरका आपटतो, आणि काही दिवसांत पिस्टनलाही चरे पडतात. आम्हाला शिकवताना पहिल्या दिवशी हे सांगतात. मी विसरलो होतो, आणि चाळीस फुटांवर मेथी निवडत बसलेल्या म्हातारीने ते पाण्यात वाचलं होतं.

मी धावत जाऊन मशीन थांबवलं. छन्नी आणि बुश यांच्यात एका बाजूला फट जवळजवळ नव्हतीच, आणि दुसऱ्या बाजूला माझ्या करंगळीचं नख आडवं जात होतं. रस्त्याकडची बाजू. मला लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही गुरूने मला इतक्या लांबून चूक दाखवली नव्हती.

नांदेडची बस गेली. मी भावाकडे राहिलो, दुसऱ्या दिवशी नवा बुश मागवला.

जुना बुश काढायची एक युक्ती आहे, आणि ती मी शेकडो वेळा केली तरी दर वेळी मला नवल वाटतं. घण घालून जो बुश हलत नाही, त्याच्या आतून वेल्डिंगची एक रेघ ओढायची आणि थांबायचं. ती रेघ थंड होताना सगळा बुश आत ओढून घेते, आणि थोड्या वेळाने तो हाताने निघतो. नवा बुश बसवताना उलटं. त्याला बर्फात ठेवायचं. कोपऱ्यावरच्या रसवंतीतून मी बर्फाची लादी आणली, फोडून घमेल्यात भरली, त्यात बुश पुरून वर पोतं टाकलं. आजी भिंतीपाशी येऊन बघत होती.

"ह्येला ताप आलाय का काय?"

"थंडी लागली की तो अंग चोरतो, आजी. मग जागेवर बसतो."

"माणसाचंबी तसंच हाय," ती म्हणाली आणि शेवग्याच्या शेंगा काढायला गेली.

बुश बसला. मी ऑपरेटरला खूण केली आणि पळत तिच्या परातीपाशी गेलो. पाण्यावर मधोमध एक वलय उठलं, काठापर्यंत सारखं पसरलं, त्याच्या मागून दुसरं, तिसरं. कुठेही कलणं नाही.

"आता ह्यो ठोका ओळखीचा झाला," आजी म्हणाली. "आता दुसरं कुणी आलं तर कळंल. पर मधनं मधनं मला पाणी निवांत बघाया पायजे."

त्याचीही सोय होती, आणि ती आमच्याच भल्याची होती. ब्रेकरला दर दोन तासांनी ग्रीस द्यावं लागतं. तेही कसंही नाही. ब्रेकर उभा करायचा, छन्नी दगडावर दाबून वर चढवायची आणि मगच पंप मारायचा. लोंबकळत्या छन्नीत ग्रीस भरलं तर ते पिस्टनच्या खाली साठतं आणि पहिल्याच ठोक्याला सील फोडतं. बहुतेक ऑपरेटर इतका व्याप करत नाहीत, सकाळी एकदा पंप मारतात आणि देवावर हवाला ठेवतात. आता ठरलं असं, की दर दोन तासांनी आजी हाक मारणार, मशीन थांबणार, ऑपरेटर ग्रीस देणार, आणि तेवढ्या दहा मिनिटांत ती तिचं पाणी पाहणार. ग्रीस हा शब्द तिच्या तोंडी बसेना. बैलगाडीच्या आखाला घालतात ते तिला माहीत होतं, म्हणून ती भिंतीवरून ओरडायची, "वंगण!"

तीन दिवस तिने नुसतं पाहिलं. चौथ्या दिवशी मुलींना म्हणाली, "जावा आत, पंख्याखाली बसा." मुलींनी सतरंज्या गुंडाळल्या. मुलींना हलवण्याच्या गोष्टी तेवढ्यापुरत्या थांबल्या, पण दोन्ही वडिलांचे रोज फोन येत होते. काही बिघडलं तर त्या जाणार, हे आजीला ठाऊक होतं.

मी दर आठवड्याला ब्रेकरच्या डोक्यात भरलेल्या नायट्रोजन गॅसचा दाब तपासायचं निमित्त करून लातूरला जाऊ लागलो. खरं म्हणजे मला परातीपाशी बसायचं असायचं. रस्त्यावरचा भरलेला ट्रक कसा दिसतो, शेजारच्या इमारतीत पाण्याची मोटार लागली की काठाजवळ कशी बारीक शिरशिरी येते, हे तिने मला शिकवलं. एकदा म्हणाली, "तुमची छन्नी आता गोल झाली का? ठोका पसरट पडतोय." मी मापून पाहिलं, टोक उतरलं होतं. मी भावाला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "लहरींचं गणित येतं का तिला?" मी म्हणालो, गणित तू शिकव, लहरी तिच्याकडून शीक. त्या दिवशी मी ताटावरून अर्धवट उठलो.

अप्पाही बदलले होते. वंगणामुळे एकच छन्नी इतकी टिकली, की ते येता-जाता भिंतीपलीकडे हात जोडू लागले. ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, या आजीनं मला ब्रेकरचा पुजारी करून ठेवलं."

तळघराचा शेवटचा कोपरा राहिला होता. दुपारची वेळ, मी परातीपाशी, आजी चौरंगावर. मुली आत अभ्यास करत होत्या. पलीकडे ब्रेकर एका सुरात चालला होता आणि पाण्यावर वलयांमागून वलयं उठत होती. आजीचा हात हवेत थांबला.

"ह्यो तुमचा न्हाई."

मी पाण्यात डोळे घालून पाहिलं. मला फक्त वलयं दिसत होती.

"थांबीव! मशीन थांबीव!"

मी भिंतीवर चढून दोन्ही हात हलवले, ओरडलो. ऑपरेटरने पेडलवरचा पाय उचलला, मग इंजिनही बंद केलं. गल्लीत एकदम शांतता झाली. मी उतरून परत परातीपाशी आलो. मशीन बंद होतं. परातीतलं पाणी हलत होतं. त्याच्यावर बारीक, आडव्या सुरकुत्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे धावत होत्या. जमिनीखालून भरलेला गाडा जावा तसा आवाज आला आणि दाराची कडी वाजली.

"पोरींनो, भायेर!"

धडाधड मुली बाहेर आल्या. आजीने बोट नाचवत मोजल्या. चार. पाचवी इस्लापूरची, कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकत बसणारी. कुणीतरी आत पळायला हवं होतं, आणि दारापासून दोन पावलांवर धडधाकट असा मीच होतो. मी हललो नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण ते तसंच घडलं. आजी चौरंगावरून उठली, पायरी चढली, उंबरा ओलांडला आणि आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत त्या मुलीचं मनगट होतं. इअरफोन गळ्यात लोंबत होते. तोवर पाणी स्थिर झालं होतं. काही पडलं नाही, कुठे तडा गेला नाही, दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. आमच्या भागात जमीन अधूनमधून अशी गुरगुरते आणि लोक चहा पिऊन कामाला लागतात.

आजी पायरीवर बसली. मुली तिला बिलगल्या, एक रडत होती. आजी मात्र मागे वळून दारातून आत बघत होती, घर पहिल्यांदाच पाहिल्यासारखी. पहिल्यांदाच पाहत होती ती.

"भिंतीला कागदंच कागदं लावल्यात की गं तुम्ही," ती म्हणाली. "आन् फरशी किती गार हाय. कुणी सांगितलं न्हाई मला."

झिजका बुश मी तसाच सोडून गेलो असतो तर त्या पाण्यात तिला काहीच दिसलं नसतं, एवढं एकच डोक्यात घोळत होतं.

त्या रात्री मी भावाकडेच राहिलो. सकाळी नऊला मशीन सुरू झालं. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो, आणि आज मुलींचे वडील येऊन त्यांना घेऊन जाणार की काय, या काळजीत होतो. अकरा वाजले. ठरलेल्या वेळी हाक आली.

"वंगण!"

आवाज तोच, पण रोजच्यासारखा मोकळा नव्हता, घुमून आला होता. ऑपरेटरनेही मान वळवली. मी भिंतीवरून पाहिलं. शेवग्याखाली कुणी नव्हतं. चौरंग नव्हता, परात नव्हती. घराचं दार सताड उघडं होतं, आणि आत, स्लॅबखाली, पंख्याच्या वाऱ्यात आजी परात पुढ्यात घेऊन बसली होती. पाचही मुली तिच्याभोवती पुस्तकं पसरून बसल्या होत्या.

"ऐकू आलं न्हाई का रे?" ती आतून ओरडली. ऑपरेटरने छन्नी दगडावर टेकवून दाबली आणि मी ग्रीसचा पंप उचलला.